तुम्ही ठरवलेलं नाव

बारसं बाराव्या दिवशी असतं, शनिवारी नसतं, असं तुम्ही म्हणाला होतात. सुधाताई, काल झालं. शनिवारीच झालं. तुमच्या भाचीचं बारसं, आणि तुम्ही जाऊन दीड महिना.

घुगऱ्या पातेलंभर उरल्यात. "एवढे हरभरे भिजवायला कुणी सांगितलं होतं? लग्न होतं का?" हे आज सकाळपासून तुमचं तिसऱ्यांदा तरी बोलून झालं असतं. आज कुणीच काही बोललं नाही. तुमच्या भावाने मुकाट्याने दोनदा घेऊन खाल्ल्या. केदार हल्ली सगळंच मुकाट्याने खातो.

खालच्या मजल्यावरच्या काकू परवा मला म्हणाल्या, "नणंदेसाठी इतकं कुणी रडतं का गं? सख्खी बहीण गेल्यासारखं करतेस." सख्ख्या बहिणीशी मी एवढी कधी भांडले नाही, हे त्यांना काय सांगणार? आठ वर्षं आपण एका स्वयंपाकघरात काढली. चहातल्या साखरेवरून भांडलो, कणकेच्या मिठावरून भांडलो, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून तर रोज भांडलो. आणि सगळ्यात मोठं भांडण तुम्ही अर्ध्यात टाकून गेलात. मला तुमचा राग आलाय, ताई. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण तुम्ही स्वतः गेलेल्यांपैकी कुणाला सोडलं नाहीत. मग मी तुम्हाला का सोडू?

बाळाचं नाव आत्याने त्याच्या कानात सांगायचं असतं. आमच्या बाळाला आत्या एकच होती. तिने नाव ठरवलं, कुणालाही सांगितलं नाही, आणि बारशाच्या दोन दिवस आधी ती निघून गेली. कुठे शोधायचं आम्ही ते?

आठ वर्षांपूर्वी मी अमरावतीहून लग्न करून या घरात आले, तेव्हा तांदळाचं ताट पुढे आलं होतं. सुनेचं नवं नाव नवऱ्याने अंगठीने तांदळात लिहायचं. तुमच्या मावशींनी नाव काढूनच ठेवलं होतं, केदारला शोभेलसं. तुम्ही ते ताट स्वतःकडे ओढलंत आणि केदारला म्हणालात, "अश्विनीच लिही. तिच्या आईवडिलांनी विचार करून ठेवलंय, आपण खोडणारे कोण?"

"अगं, पण पद्धत आहे ना," मावशी म्हणाल्या.

"मग लिहितोय की तो. काय लिहायचं ते पद्धतीत नाहीये."

मी मान खाली घालून बसले होते, पण आतून मला इतकं हसू येत होतं की मुंडावळ्या हलत होत्या. तुमचे आईवडील आधीच गेलेले, घरात मोठ्या तुम्हीच. तुमच्या जागी दुसरी कुणी असती तर मी आज माधवी नाहीतर केतकी झाले असते. या गोष्टीसाठी मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. तुम्ही मानू दिलेही नसतेत. "बरं बरं, कुकर लाव," म्हणाला असतात.

नावांचं तुम्हाला वेडच होतं. दर रविवारी सिंहगड चढून आलात की चपला काढायच्या आधी एखादं झाड, एखादं फूल सांगायचात आणि वर म्हणायचात, "काय नाव आहे! माणसांना ठेवत नाहीत, मूर्ख." हल्लीची नावं ऐकली की तुमच्या कपाळाला आठी पडायची. समोरच्या घरात कियारा जन्मली, तिच्या पाठोपाठ पलीकडे अनायशा. तुम्ही घरी येऊन म्हणालात, "औषधाच्या गोळ्या वाटतात. दिवसातून दोनदा, जेवणानंतर." तेवढ्यात समोरच्या आजी पेढे घेऊन दारात उभ्या, आणि मला पेढा गिळता येईना.

मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तुम्ही एका आठवड्यात नाव ठेवून मोकळ्या झालात. करवंद. मुलगा असो वा मुलगी, करवंद. मी म्हटलं, अहो ताई, शाळेत पोरं चिडवतील. तुम्ही म्हणालात, "चिडवू देत. चिडवायला आधी तोंडाला पाणी सुटेल त्यांच्या." नाव चांगलं की वाईट हे कागदावर कळत नाही, हाक मारून बघावी लागते, असं तुमचं म्हणणं. म्हणून तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून तुम्ही भर दुपारी "करवंदेऽऽ" अशी हाक घातलीत. खालून इस्त्रीवाला वर बघून म्हणाला, "कितीला दिली?" त्या दिवशी आपण दोघी पोट धरून हसलो. पुढचे काही महिने घरात तेच नाव. करवंदाला भूक लागली असेल. करवंदासाठी दूध घे. करवंदाचं ऐकून तरी जरा आडवी हो.

पाचव्या महिन्यात ते गेलं.

त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. दवाखान्यातून घरी आणल्यावर तुम्ही माझ्या केसांना तेल लावलंत, वेणी घातलीत आणि खिडकी बंद केलीत. मला बंद हवी असायची, तुम्हाला उघडी. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही गडावर जात होतात, पण हात हलवत परत यायचात. गडाच्या वाटेवर बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात, तुम्ही दर वर्षी दोन-तीन द्रोण आणायचात. त्या वर्षी आणली नाहीत. पुढच्या वर्षीही नाहीत. मी कधी म्हटलं नव्हतं आणू नका म्हणून. तुम्हाला ते सांगावं लागलं नाही, एवढंच मला आज म्हणायचंय.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं, "ताई, या वेळी नाव काढायचं नाही. बाळ हातात येईपर्यंत नाही." मला वाटलं, आता एक टोमणा येणार. तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. आठ-पंधरा दिवसांनी भाजी निवडताना स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालात, "ठरवलंय मी. पण तोंडातून ब्र काढणार नाही. तुला नाही, केदारला नाही, गडाच्या मंडळींना नाही. आता थेट कानात."

आणि खरंच शब्द पाळलात. तुमच्या जिभेला ते किती जड गेलं असेल! मग सगळी खुमखुमी मंडईत बाहेर पडायची. पालेभाजीवालीसमोर उभं राहून तुम्ही मला विचारायचात, "अंबाडी कशी वाटते? चाकवत? की शेपू? शेपू ठेवली तर कुणी उगाच जवळ येणार नाही." मी म्हणायचे, नाव काढायचं नाही ठरलंय आपलं. तुम्ही साळसूदपणे, "नाव कुठे काढतेय? भाजी विचारतेय." ती भाजीवाली शेवटी वैतागली, "ताई, पोराचं नाव ठेवताय का जुडी घेताय?" तुम्ही अंबाडीच्या दोन जुड्या घेतल्यात, वर कोथिंबीर मागून घेतलीत, आणि घरी आल्यावर आठवलं की आपल्या घरात अंबाडी कुणी खातच नाही.

मार्गशीर्षात ती जन्मली. तुम्ही कचेरीत चार महिन्यांची रजा साठवून ठेवली होती, हे मला त्या दिवशी कळलं. ताप आला तरी तुम्ही कामावर का जायचात, हेही त्याच दिवशी कळलं. माझी आई अमरावतीहून आली होती. बाळाला न्हाऊ कुणी घालायचं यावरून तुम्हा दोघींची पहिल्याच दिवशी जुंपेल असं केदारला वाटत होतं. तुम्ही वाटणी करून टाकलीत. आंघोळ आईची, ऊन तुमचं. रोज सकाळी न्हाऊन निघालेलं ते गाठोडं घेऊन तुम्ही गॅलरीत कोवळ्या उन्हात बसायचात आणि कुणाला फिरकू द्यायचा नाहीत.

बाळ हातात आलं होतं, म्हणजे माझी बंदी संपली होती. मी म्हटलं, आता सांगा नाव. तुम्ही म्हणालात, बारशाला. मी म्हटलं, मग माझंही ऐका, मला सिपना ठेवायचंय. बाबा शिक्षक होते, त्यांची बदली मेळघाटात होती, तेव्हा आमच्या घरामागून ती नदी वाहायची. कोरकू लोक सागाला सिपना म्हणतात. माझं लहानपण तिच्या पाण्यात गेलं. तुमचा सह्याद्री सोडून महाराष्ट्रात दुसरं काही आहेच ना?

"आहे की. तुमच्याकडचं ऊन आहे," तुम्ही म्हणालात.

"ताई!"

"अगं, सपना म्हणतील सगळे. आयुष्यभर दुरुस्ती करत बसेल पोरगी."

"आणि तुमचं कळेल का लोकांना?"

"न कळायला काय झालं? माझं ठरलंय. आत्याचा मान आहे, तुझा नाही. पद्धत आहे."

"काय सांगायचं ते पद्धतीत नाहीये," मी म्हटलं. लग्नातलं तुमचं वाक्य मी तुमच्यावरच टाकलं होतं. तुम्ही थबकलात, गालातल्या गालात हसलात आणि बाळाला घेऊन आत गेलात. एवढी वर्षं झाली, त्या दिवशी पहिल्यांदा मी तुम्हाला बोलण्यात गप्प केलं असेल.

मग तारखेचं. बाराव्या दिवशी बुधवार येत होता. केदारचं खराडीचं ऑफिस, माझ्या भावाची रजा, हॉल. सगळ्यांनी मिळून पुढचा शनिवार काढला, मीही त्यात होते. तुम्ही म्हणालात ते वाक्य वर लिहिलंय. वर हेही म्हणालात, "हॉल कशाला? बाळाचे दोन कान आहेत, आत्याला एक तोंड आहे. आणखी काय लागतं?" तरी शेवटी आमच्या मनासारखं होऊ दिलंत. त्या बुधवारनंतरचाही एक बुधवार आला. संध्याकाळी मी पुन्हा टुमणं लावलं तेव्हा दुपटी घड्या करता करता तुम्ही म्हणालात, "तुझं नाव वाईट नाहीये. माझं जास्त चांगलं आहे." या विषयावरचं तुमचं ते शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पाळण्याच्या पितळी कड्या चिंचेने घासत जमिनीवर बसला होतात. मी पलीकडे बाळाला पाजत होते. तुम्ही म्हणालात, "जरा बसते." तुम्ही बसलेल्याच होतात, म्हणून मला ते चमत्कारिक वाटलं आणि मी वळून पाहिलं. केदारने तुम्हाला उचलून तीन मजले खाली नेलं. काही उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. आमचा कुणाचाच विश्वास बसेना. दर रविवारी गड चढणारं माणूस होतं ते, सांगा की त्यांना, असं मी केदारला म्हणत राहिले. सांगून काय होणार होतं?

दिवस झाले, माणसं येऊन गेली. मावशी म्हणाल्या, आता वर्षभर काही करू नका. तुमची कोथरूडची चुलतबहीण नलूताई म्हणाली, मी आहे की आत्या, मी सांगते कानात, काय सांगायचं तेवढं बोला. तीच तर अडचण होती. केदार एकदा गॅलरीत उभा राहून मला म्हणाला, "ताईने मला तरी सांगायचं ना गं." आणि तो असा रडला की मला आधी ओळखूच आलं नाही हा कशाचा आवाज आहे. तुमची गडाची मंडळी भेटायला आली, त्यांना मी लाज सोडून विचारलं. एक जण म्हणाले, कारवी, नक्की कारवी. दुसरे म्हणाले, छे, सोनकी, ती पिवळी फुलं बघून सुधा दर वर्षी वेडी व्हायची. तिसऱ्या बाई म्हणाल्या, रानजाई, पैज लावा. तिघांची तीन नावं आणि तिघांनाही शंभर टक्के खात्री. पुण्याचीच माणसं ती. आमच्या दिवाणखान्यात, तुमच्या फोटोसमोर, त्यांचा वाद जुंपला. मला वाटलं, तुम्ही आतून येऊन माझ्यासकट चौघांनाही वेड्यात काढाल.

त्यांच्यातलं एखादं उचलून ठेवून द्यावं, असं मला दोनदा वाटलं. कारवी काय वाईट आहे? पण तुमचं नसलेलं नाव तुमचं म्हणून पोरीला द्यायचं, हे मला होईना. आणि माझं ठेवावं, तर तुमची पाठ वळताच मी डाव साधला असं वाटायचं. बाळ नुसतंच बाळ राहिलं. मला जेवण जाईना, दूध कमी व्हायला लागलं.

मागच्या आठवड्यात आईने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि बसली. "काहून असं करून राहिली? नावासाठी एवढं?"

मी म्हटलं, आई, तिला नाव सांगायला आत्या नाही राहिली.

"अवं बाई, त्या तं रोजच सांगत होत्या तिले."

माझा घास हातातच राहिला. "काय सांगत होत्या?"

"मले काय ऐकू येते? सकाळी उन्हात घेऊन बसल्या की कानाशी तोंड नेऊन सांगत. रोज. मी दारात आली की गप. म्हणत, तुम्ही काही ऐकलं नाही हं, आई. आन् हसत."

सुधाताई, काय हो हे? बाराव्या दिवसाचं शास्त्र आम्हाला शिकवणाऱ्या तुम्ही! मला दिलेला शब्द बाळ हातात येईपर्यंतचा होता, तेवढा तुम्ही पाळलात, आणि ते हातात आल्यावर एक दिवसही तुमच्याने धीर धरवला नाही. मी ताटावर बसून हसायला लागले. मग रडायला लागले. आई घाबरून म्हणाली, "मी काही वावगं बोलली का वं?" मी तिला मिठीच मारली. खूप दिवसांनी मी पोटभर जेवले त्या दुपारी.

मग मीच केदारला सांगितलं, शनिवार धर.

काल हॉल नव्हता. घरातच केलं. पाळणा सजवला, बायका जमल्या. नलूताई पदर खोचून पुढे आली, आणि पाठीत धपाटे घालायला चार जणी तिच्या मागे सरसावल्या. मी पाळण्याच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिले. म्हटलं, "कानात कुणी सांगायचं नाही. कानातलं झालंय."

"झालंय? कधी?" मावशींनी विचारलं.

"वेळेवर झालंय. तिच्या आत्याने केलंय."

कुणाला काही कळलं नाही. केदारला कळलं. तो पाळण्याच्या दोरीला धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव सांगितलं. सिपना. मागून लगेच आवाज आला, "काय? सपना का?" म्हणजे ते तुमचं खरं ठरलं. मी दुरुस्त केलं. पुढेही करत राहीन. पण तुमच्या मागे तुमचं नाव खोडून मी माझं लिहिलं, असं समजू नका, ताई. तुमचं तिच्या कानात आहे, तिथे मी पोचू शकत नाही. बाहेर हाक मारायला काहीतरी हवं, म्हणून माझं.

दुपारी सगळे गेल्यावर मी तिला मांडीवर घेतलं. ती आता माणसांकडे बघायला लागली आहे. आईच्या बोलण्याकडे बघते, केदारच्या चष्म्याकडे बघते. मी हळूच हाक मारली, सिपना. तिने बघितलं नाही. पुन्हा मारली. एवढ्यात कुठलं कळायला, दोन महिन्यांचं तर बाळ, हे मलाही कळतं. पण ती गॅलरीच्या दाराकडे तोंड करून, श्वाससुद्धा हळू घेत, इतकी शांत पडून होती की मला वाटलं, ही दुसऱ्या नावाची वाट बघते आहे.

ते मला येत नाही, सुधाताई.